पाठवणाऱ्याची सही आणि फोटोतल्या माणसाची संमती

(द्वितीय वर्ष कला)

या वर्षीच्या वार्षिकासाठी छायाचित्रे मागवणारी सूचना फलकावर लागली आणि विद्यार्थी संपादक मंडळातील कामांच्या वाटपात माझ्याकडे एक साधे काम आले. आलेली छायाचित्रे एकत्र ठेवायची आणि एका वहीत त्यांची नोंद करायची. मी वहीत चार रकाने आखले : पाठवणाऱ्याचे नाव, वर्ग, प्रसंग आणि सही. स्नेहसंमेलन, श्रमसंस्कार शिबिर, क्रीडास्पर्धा, सहल अशा प्रसंगांचे चौतीस फोटो आठ दिवसांत जमले. काहींनी स्टुडिओतून प्रती काढून आणून दिल्या, बाकीच्यांनी मोबाईलवर पाठवले.

त्यांत एक फोटो शिबिरातला होता. ओढ्यात चार मुली गुडघ्यापर्यंत सलवारी वर घेऊन उभ्या आहेत, हसत आहेत, आणि आपला फोटो कोणी काढीत आहे याची चौघींनाही कल्पना नाही. फोटो चांगला आहे, सकाळचा उजेड सुरेख आला आहे, हे मी नाकारीत नाही. पाठवणाऱ्या विद्यार्थ्याने नाव, वर्ग, प्रसंग सर्व व्यवस्थित लिहून झोकदार सही केली होती. मी त्या सहीकडे बराच वेळ पाहत बसले. वही मीच आखलेली होती आणि तिच्यात फोटोतल्या माणसांसाठी रकानाच नव्हता.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार का, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगात आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या नात्यातील एक मुलगी, जिला मी ताई म्हणते, ती दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी प्रथम वर्षाला शिकत होती. एका लग्नात तिचा फोटो निघाला. अंगावर काठापदराची साडी, हातात अक्षतांचे ताट, इतकेच त्यात होते. तो कोणा नातेवाइकाच्या मोबाईलवरून कोणीतरी उचलला आणि जिथे कोणीही कोणाचाही फोटो पाठवू शकतो अशा एका प्रौढांसाठीच्या संकेतस्थळावर टाकला. खाली तिचे नाव, गावाचे नाव आणि एक ओळ. ती ओळ मी येथे लिहिणार नाही. दोन दिवसांत ती गोष्ट गावभर झाली आणि त्याच आठवड्यात ताईचे कॉलेज बंद झाले. तिचे वडील तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की, फोटोत आक्षेपार्ह काहीच नाही, साडी नेसलेली मुलगी आहे, मग गुन्हा कशाचा नोंदवायचा?

त्या रात्री आबा भाजीचा टेम्पो लावून घरी आले आणि जेवता जेवता त्यांनी मला विचारले, "तुझं फोटो कुठंकुठं गेल्यात गं?" मला उत्तर देता आले नाही. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. माझी आई अजून अंगठा उठवते, म्हणून आमच्याकडे सहीला फार मान आहे. सही केली म्हणजे गोष्ट पक्की, असे मीही समजत आले होते. कायद्याच्या दृष्टीने ती कितपत पक्की असते हे शोधावे असे वाटले. राज्यशास्त्राच्या सरांना विषय सांगताना मान वर होत नव्हती. सर म्हणाले, "संकोच वाटतोय तर संकोचासकट लिही, पण लिही." तेव्हा लोकांनी पाठवलेली छायाचित्रे प्रौढ संकेतस्थळावर प्रसिद्ध करणाऱ्यावर कायदा कोणती जबाबदारी टाकतो, हा या लेखाचा विषय आहे.

संकेतस्थळे निघाली त्याच्या आधीच हा प्रश्न न्यायालयात आला होता. अमेरिकेत 'हस्लर' नावाचे प्रौढांचे मासिक निघते. त्यात वाचकांनी पाठवलेल्या विवस्त्र स्त्रियांच्या फोटोंचे एक सदर असे. टेक्सास राज्यातील एक जोडपे एका सरकारी उद्यानातील निर्जन भागात नदीवर पोहायला गेले होते. तेथे त्यांनी एकमेकांचे तसे फोटो काढले आणि घरी आणून झोपण्याच्या खोलीतील खणात ठेवले. कोणाला दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. एका शेजाऱ्याने घरात शिरून त्यांतले काही चोरले. त्याने व त्याच्या पत्नीने मासिकाचा संमतीचा छापील फॉर्म भरला, त्यावर त्या बाईची खोटी सही ठोकली आणि फोटो पाठवून दिला. मासिकाने खात्री केली नाही असे नाही. त्यांनी फोनवर विचारून घेतले. पण फोनवर बोलली ती फॉर्म भरणारी बाईच! ती अर्थातच हो म्हणाली. १९८० च्या फेब्रुवारीच्या अंकात फोटो छापून आला. सोबत त्या गृहिणीचे खरे नाव, खरे गाव, खरा छंद आणि तिने कधीही न उच्चारलेली एक ओंगळ इच्छा. पाठवणारीला पन्नास डॉलर मिळाले.

दावा पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये निकाल लागला. मासिकाचे म्हणणे असे की, आम्हाला फसवले गेले, आमच्याकडे सही केलेला फॉर्म आहे. न्यायालयाने विचारले ते वेगळेच : खात्री करण्याची तुमची पद्धत कशी होती? ती ढिसाळ होती आणि ढिसाळपणेच राबवली गेली, असा निष्कर्ष निघाला. ती बाई सार्वजनिक जीवनातील व्यक्ती नव्हती. त्यामुळे मासिकाने जाणूनबुजून खोटे छापले हे सिद्ध करण्याची गरज नव्हती, निष्काळजीपणा पुरेसा होता. तिला मंजूर झालेली दीड लाख डॉलरची भरपाई कायम राहिली. नवऱ्यालाही खालच्या न्यायालयात पंचवीस हजार मिळाले होते, ते मात्र रद्द झाले, कारण लोकांसमोर खोट्या रूपात उभी केली गेली ती ती होती, तो नव्हे.

हा खटला वाचताना मला आपली वही आठवत राहिली. पाठवणाऱ्याला विचारून फोटोतल्या माणसाची संमती कळत नाही. मासिकाने फोनवर केलेली विचारणा आणि मी घेतलेली सही यांत फरक तो किती?

अमेरिकेच्या कायद्याने पुढे १९८८ मध्ये असे साहित्य तयार करणाऱ्यांवर एक नोंदवही सक्तीची केली. चित्रातील प्रत्येक व्यक्तीचे ओळखपत्र पाहून ती अठरा वर्षे पूर्ण केलेली आहे याची खात्री करायची आणि त्या नोंदी तपासणीसाठी जपून ठेवायच्या. परंतु १९९६ मध्ये इंटरनेटसाठी जो कायदा झाला, त्याच्या २३० व्या कलमाने उलट दिशेला दार उघडले. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला त्याचा प्रकाशक धरायचे नाही, असे ठरले. छापील मासिकाला जी जबाबदारी होती, ती संकेतस्थळाला राहिली नाही. ज्या गोष्टीसाठी 'हस्लर'ला दीड लाख डॉलर मोजावे लागले, ती गोष्ट इंटरनेटवर दिवसाढवळ्या होऊ लागली. बायकांचे खासगी फोटो नावागावासह मागवून छापणारे एक संकेतस्थळ तेथे २०१० मध्ये निघाले आणि २०१२ मध्ये बंद पडले. त्याच्या चालकाला २०१५ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली खरी, पण ती फोटो छापल्याबद्दल नव्हे, तर दुसऱ्यांच्या ई-मेल खात्यांत चोरून शिरण्याच्या कामात हात असल्याबद्दल आणि ओळख चोरल्याबद्दल. या प्रकाराला इंग्रजीत सूड या अर्थाचा शब्द लावतात, तो मला पटत नाही. सूड म्हटले की तिने आधी काही केले असले पाहिजे असे ऐकणाऱ्याला वाटते. ताईने कोणाचे काय केले होते?

२०२० च्या डिसेंबरात आणखी एक घटना घडली. कॅनडातून चालणाऱ्या एका जगप्रसिद्ध प्रौढ संकेतस्थळावर (नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे) संमतीवाचून टाकलेल्या आणि अल्पवयीनांच्या चित्रफिती सर्रास असल्याचे एका अमेरिकन वृत्तपत्राने उघड केले. मास्टरकार्ड आणि व्हिसा या कंपन्यांनी १० डिसेंबरला त्याचे व्यवहार थांबवले. चारच दिवसांत त्या संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेल्या लाखो चित्रफिती काढून घेतल्या. ज्या बायका वर्षानुवर्षे "आमचे चित्र काढा" म्हणून विनवीत होत्या, त्यांना जे जमले नाही, ते पैशाची वाट अडवल्यावर आठवड्याच्या आत झाले. म्हणजे ओळख तपासणे अशक्य नव्हतेच, फक्त खर्चाचे होते. १९ मे २०२५ रोजी अमेरिकेत एका नव्या कायद्यावर सही झाली. संमतीवाचून प्रसिद्ध केलेले खासगी चित्र, मग ते खरे असो वा संगणकाने बनवलेले, तक्रार आल्यापासून ४८ तासांत काढण्याचे बंधन त्याने संकेतस्थळांवर घातले आणि त्यासाठीची व्यवस्था उभी करायला एक वर्षाची मुदत दिली.

आता आपल्याकडे येऊ. पहिली गोष्ट ही की, भारतात असे संकेतस्थळ चालवणाऱ्याला "सर्वांची संमती आहे" एवढे म्हणून सुटता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ प्रमाणे अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृतीचे चित्रण असेल तर कलम ६७-अ लागते आणि शिक्षा पाच वर्षे व दहा लाखांपर्यंत जाते. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर कलम ६७-ब. तेथे संमती हा शब्द उच्चारण्याचीही सोय नाही आणि तेथे प्रसिद्ध करणाराच नव्हे, तर असे चित्र शोधणारा व उतरवून घेणाराही अडकतो. २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या पॉक्सो कायद्यात तर असे आहे की, फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याच्या नजरेस असे काही आले, तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. आपल्या तालुक्यातील किती स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

यावर कोणी म्हणेल की, मग सारेच बेकायदा असताना संमतीचा प्रश्न येतो कुठे? मलाही आधी असेच वाटले होते. पण अश्लीलतेच्या कायद्यात समाजाच्या नीतीचे रक्षण आहे, फोटोतल्या बाईचे नाही. त्या कायद्याच्या नजरेने पाहिले तर ती जवळजवळ गुन्ह्याचाच एक भाग वाटू लागते. तिच्या बाजूने उभा राहणारा कायदा आपल्याकडे त्यामानाने अलीकडे आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई घातले गेले, ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीवाचून घेणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-क आले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. त्याखाली एक स्पष्टीकरण दिले आहे आणि माझ्या मते ते कलमापेक्षाही मोलाचे आहे. स्त्रीने चित्र घेऊ दिले असेल, परंतु ते तिसऱ्याकडे जाऊ देण्यास तिची संमती नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे.

म्हणजे संमत्या दोन आहेत. फोटो काढू देण्याची एक आणि तो दुसऱ्यांना दाखवू देण्याची दुसरी. आपल्याकडे "काढू दिलाच कशाला?" हा प्रश्न जो विचारला जातो, तो या दोन्ही एकत्र बांधून विचारला जातो. कायद्याने ती गाठ सोडली आहे, घराघरांतून ती अजून सुटायची आहे.

प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाचे काय? ते म्हणते, मी फक्त फळा दिला, लिहिले दुसऱ्याने. या युक्तिवादाची भारतातील पहिली मोठी परीक्षा २००४ मध्ये झाली. दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची खासगी चित्रफीत बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर खरगपूरच्या आयआयटीतील एका विद्यार्थ्याने विकायला ठेवली. २७ नोव्हेंबरच्या रात्री कंपनीला कोणीतरी कळवले, पण जाहिरात उतरली २९ तारखेच्या सकाळी. मधल्या वेळात विक्री चालूच होती. कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना डिसेंबरात अटक झाली. खटला पुढे पुष्कळ वर्षे चालला. संचालक २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले, ते कंपनीला स्वतःला आरोपी केलेले नव्हते म्हणून. २०१६ मध्ये कंपनीचा एक अधिकारीही सुटला, कारण इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अश्लीलतेला दंड संहितेचे जुने कलम लागू होत नाही, त्याला स्वतंत्र कायदा आहे, असे न्यायालयाने ठरवले. बारा वर्षे न्यायालयांत वाद चालला तो कोणते कलम आणि कोण आरोपी, यावर. त्या दोन मुलांविषयी निकालपत्रांत फारसे काही सापडत नाही.

या प्रकरणानंतर मध्यस्थांच्या जबाबदारीचे कलम ७९ नव्याने लिहिले गेले. दुसऱ्याचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्याला संरक्षण आहे, मात्र त्याने योग्य ती काळजी घेतली पाहिजे आणि बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळताच तो काढला पाहिजे. प्रत्यक्ष माहिती म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सांगितले : न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना. विचारस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. नाही तर कोणीही उठून कोणाचेही लिखाण उतरवायला लावील. पण ताईसारखीने न्यायालयाचा आदेश आणायचा म्हणजे केव्हा आणि कशाच्या बळावर? २५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या नियमांत यासाठी वेगळी वाट केलेली आहे. शरीराचा खासगी भाग, नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारे, किंवा कोणाचे रूप घेऊन वा चेहरा जोडून बनवलेले चित्र असेल, तर त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार करताच ते उतरवण्याची पावले टाकायची. न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. नियम आले तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुदत ठरली होती. शिवाय जे संकेतस्थळ फोटो निवडते, मथळे देते, आपणच छापते, ते नुसता फळा राहत नाही. कलम ७९ चे छत्र वाहून नेणाऱ्यासाठी आहे, निवडून छापणाऱ्यासाठी नाही.

येथवर वाचून झाले तरी माझा मूळ प्रश्न तसाच होता. ताईच्या फोटोत खासगी भाग नाही, नग्नता नाही, साडी आहे. वरच्या कोणत्याही कलमात तो बसेना. "फोटोत आक्षेपार्ह काहीच नाही" हे उत्तर, मला वाटू लागले, कायद्याने बरोबरच होते.

मग दिल्ली उच्च न्यायालयाचा २० एप्रिल २०२१ चा निकाल मिळाला. अर्ज करणाऱ्या स्त्रीने फेसबुक व इन्स्टाग्रामवरील आपल्या खात्यांत ठेवलेले साधे फोटो कोणीतरी उचलून एका अश्लील संकेतस्थळावर टाकले होते. फोटो स्वतः आक्षेपार्ह नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ते तिच्या संमतीवाचून अशा संकेतस्थळावर ठेवणे हाच कलम ६७ खालील गुन्हा आहे, असे न्यायमूर्ती अनुप भंभानी यांनी ठरवले. जेथे येणारा मनुष्य ज्या हेतूने येतो, त्याच हेतूने तो त्या फोटोकडे पाहणार, मग अंगावर साडी असो की आणखी काही. न्यायालयाने फोटो २४ तासांत उतरवण्यास सांगितले, शोधयंत्रांनाही ते दिसेनासे करण्याचे आदेश दिले. तोच फोटो पुन्हा दुसरीकडे टाकला गेला तर तो यंत्राने ओळखून काढावा, असेही सांगितले, कारण असे फोटो एकीकडून काढले की दुसरीकडे उगवतात.

हा भाग मी वाचनालयात वाचला आणि दुसऱ्यांदा वाचण्याआधी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. ताईच्या वडिलांना मिळालेले उत्तर चुकीचे होते. निकाल तेव्हा लागून गेलेला होता. तो कोणी वाचला नव्हता, इतकेच.

निकालात त्या स्त्रीचे नाव नाही. तिच्या जागी 'एक्स' असे एक अक्षर आहे. आमच्याकडे मात्र प्रत्येकाने ताईचे पूर्ण नाव घेऊन गोष्ट सांगितली, सहानुभूती दाखवणाऱ्यांनीसुद्धा.

आणखी एक मुद्दा मालकीचा. "फोटो मी काढला, तो माझा" असे सर्रास म्हटले जाते. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यातील कलम १७ पाहिले तर गंमत वाटते. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क पैसे देणाऱ्याचा, स्टुडिओवाल्याचा नव्हे. तेव्हा बाजारपेठेतील स्टुडिओच्या काचेत लावलेल्या नवरीच्या फोटोसाठी तिच्याकडच्यांना विचारले होते का, हा प्रश्न रास्त आहे. उलट मित्राने मैत्रिणीचा किंवा नवऱ्याने बायकोचा फोटो फुकट काढला, तर स्वामित्वहक्क काढणाऱ्याचा, हेही खरे. पण हा हक्क नक्कल करण्याबाबतचा आहे. तिच्या खासगीपणावर तो चालत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो फोटो कोणी काढला हे विचारून दिलेला नाही.

ओढ्याच्या फोटोविषयी मी त्या विद्यार्थ्याशी बोलले. त्याला वाईट वाटले. "मी काय वाईट हेतूनं काढला का?" असे त्याने विचारले. नव्हता काढला, हे मलाही ठाऊक आहे. मी त्याला म्हटले की, 'हस्लर'वाल्यांचाही त्या बाईवर काही राग नव्हता. हे बोलल्यावर लगेच वाटले की ही तुलना फार कडक झाली, कुठे ते मासिक आणि कुठे आपले वार्षिक! पण तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानेच चौघींपैकी दोघींची नावे सांगितली. आपले वार्षिक छापून झाले की ते महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरही ठेवले जाते. तेथून कोणी काय उचलील, हे ना त्याच्या हातात आहे, ना माझ्या. आपल्या हातात छापण्याच्या आधी विचारणे आहे.

वहीत मी पाचवा रकाना आखला. चौतीस फोटोंतील जी माणसे ओळखू येतात, त्यांना शोधीत तीन आठवडे फिरले. बहुतेकांनी हसून सही केली. काहींना आपला फोटो आला याचाच आनंद झाला. सात जणींनी नको म्हटले. कारण मी विचारले नाही, पण दोघींनी आपणहून सांगितले आणि ते मी कोणाला सांगणार नाही. ते फोटो पाठवणाऱ्यांना परत केले व मोबाईलमधून काढून टाकले. संमेलनाच्या एका फोटोत मागच्या रांगेत मीही आहे. सही करण्याआधी मी तो आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, "तुला बरं वाटतंय नव्हं? मग कर सही."

ताईला मी दिल्लीच्या निकालाची छापील प्रत नेऊन दिली. इंग्रजी आहे, म्हणून शेजारी पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिला. तिने ती वडिलांना वाचून दाखवली, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर पुन्हा तक्रार नोंदवायचे ठरले. मुक्त विद्यापीठाचा फॉर्मही तिने मागवला आहे.

ओढ्याच्या फोटोतील चौघींपैकी तिघींनी सही केली. चौथी म्हणाली, घरी विचारून सांगते. अंक छपाईला जाण्याची वेळ झाली तरी तिचे उत्तर आलेले नाही. तो फोटो पाकिटात आहे.